आधी चिंधीवर

मंडळी, सहा वर्षांत मी एकही गोष्ट लिहिली नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

आज दुपारी अकोल्यात शबानाआपांकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेले. त्यांची मशीन महिनाभर बंद होती, नुकतंच तेल घातलेलं. आपा एका चिंधीवरच टीप मारत बसल्या होत्या.

"माहं कापड काहून नाही घेत, आपा?"

"बंद मशीन पह्यले तेल ओकते वं. नव्या कापडावर डाग पडन. चिंधी खराब झाली त कोन रडते?" मग मान वर न करताच म्हणाल्या, "तू आजकाल लिहून नाही राहिली का?"

"राहूनच गेलं, आपा."

म्हटलं खरं, पण डोकं चिंधीतच अडकलं. मी दरवेळी थेट नव्या कापडावरच टीप मारायला बसत होते. कोरी वही, आणि पहिलंच वाक्य झकास पाहिजे! तुमचंही असंच होतं का?

कापडाची कागदी पिशवी फाडली आणि तिथंच बाकावर लिहायला लागले. अगदी टुकार लिहिलं, पण दोन्ही बाजू भरल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "काय करून राहिली?"

"लिहून राहिली."

तो घाईघाईनं म्हणाला, "मंग लिही, लिही. ठेवतो मी."