सरांच्या नावाचा जंतू

माझ्या नणंदेने आयुष्यात एकच जंतू शोधला, आणि तोही आमच्या बाथरूममध्ये. हे चारचौघांत सांगू नये, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. का नाही सांगायचं? गीझर जुना होता, त्याच्या कॉइलवर पांढरा थर चढला होता. मेकॅनिक तो खरवडून फेकायला निघाला, तेवढ्यात वन्संनी झडप घालून त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि स्वच्छ बाटलीत भरला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "त्या विद्यापीठात असतात." त्याने सगळं समजल्यासारखी मान हलवली.

वन्सं सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक, आणि मी त्याच विभागाच्या ऑफिसात कारकून. त्यांनीच मला तिथे पाहिलं, महिनाभर निरखलं आणि भावासाठी पसंत केलं. महिनाभरच. मी जंतू असते तर जास्त वेळ दिला असता.

डिशमध्ये सात दिवसांत काही उगवलं नाही, तर ती वाफेच्या भांड्यात घालून संपवायची, असा विभागाचा नियम. तो कोणी केला कोणास ठाऊक. बहुधा ज्याला आठव्या दिवशी रजेवर जायचं होतं त्याने. वन्संनी तो कधी पाळला नाही. साठ अंशांच्या गरम पेटीत, मागच्या फळीवर, त्यांच्या डिशा महिनोन् महिने बसलेल्या असत. आमच्या गीझरच्या डिशमध्ये अकराव्या आठवड्यात एक ठिपका दिसला. खसखशीच्या दाण्याएवढा, फिकट गुलाबी. पुढची दोन वर्षं वन्संनी त्याला इतरांपासून वेगळा काढण्यात, त्याला ही साखर चालते का, ते मीठ सोसतं का, हे बघण्यात घालवली. माझ्या मुलाचं इतकं खाणंपिणं मीही कधी बघितलं नाही. शेवटी डीएनए वाचून आला आणि कळलं, की याला जवळचं म्हणावं असं जगात कोणी नोंदलेलंच नाही. नुसता जंतू नव्हे, त्याचं घराणंच नवं.

त्या दिवशी विभागप्रमुख, म्हणजे आमचे मोठे सर, जातीने प्रयोगशाळेत आले. दिव्याचं बटण कुठे आहे ते त्यांना शिपायाने दाखवलं. सकाळी ते "आपला जंतू" म्हणत होते, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो "माझा जंतू" झाला. त्याला आपलंच नाव द्यायचं, हेही ठरलं.

पण अशी नावं तपासून देणारे एक म्हातारे लॅटिन पंडित दूरदेशी असतात. त्यांचं पत्र आलं, मी स्वतः ते फाइलला लावलं. शोधनिबंध लिहिणाऱ्याने जंतूला स्वतःचंच नाव देऊ नये, सभ्य माणसांत ते बरं दिसत नाही, असं त्यात अगदी गोड शब्दांत लिहिलं होतं. सर दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जी युक्ती काढली तिला मी आजही हात जोडते. त्यांनी निबंधावरून स्वतःचं नाव काढून टाकलं. लेखकच नाही म्हटल्यावर सभ्यतेचा प्रश्न मिटला! आता लेखक म्हणून कोणीतरी हवं, तर काम केलेलं माणूस एकच होतं.

एकतीस वर्षांत वन्संचं नाव एकाही निबंधावर लागलं नव्हतं. ते शेवटी आभारांत असायचं, कधी वीज खात्याच्या आधी, कधी नंतर. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या संध्याकाळी घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "वहिनी, या वेळी नाव वर येणार बरं का माझं." एवढंच बोलल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या. एकच चादर तीनदा घडी केली. मला इतका आनंद माझ्या बढतीलाही झाला नव्हता.

मग वन्संनी जंतूचं वर्णन लिहिलं. नव्या जंतूचं वर्णन म्हणजे त्याचं ओळखपत्र. आकार, रंग, खाणं, सवयी सगळं त्यात येतं. सरांनी ते ऑफिसात, माझ्या टेबलाशी उभं राहून वाचलं. स्वतःच्याच कौतुकाचं भाषण वाचावं तसे खुशीत होते. मध्येच थांबले.

"हे काय? 'हालचाल करत नाही'?"

"नाही करत, सर," वन्सं म्हणाल्या.

"अजिबात?"

"अजिबात. शेपट्याच नाहीत त्याला."

"अहो, माझं नाव लागणार आहे त्याला! 'वाढ अतिशय मंद', 'हालचाल करत नाही', 'शेजाऱ्यांनी तयार केलेल्या अन्नावर जगतो'. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हे मला चांगलंच ठाऊक होतं, पण मी खाली मान घालून पाकिटं चिकटवत होते.

सरांनी शांतपणे सौदा मांडला. हलतो म्हणून लिहा. एका शब्दाचा तर प्रश्न. नाहीतर असला ऐदी जंतू मला नको. त्याला दुसरं कोणाचं तरी नाव देऊ, मग मी लेखक म्हणून येतो, आणि लेखक एकच पुरे. तुमचे आभार मानूच.

दुसऱ्या दिवशी वन्सं सकाळी नऊला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या त्या संध्याकाळपर्यंत. गरम पाण्यातला जीव, गार काचेवर गारठून बसला असेल, म्हणून काच गरम ठेवली. ताजी वाढ बघितली, जुनी बघितली. मी दोनदा चहा घेऊन गेले, दोन्ही वेळा तो निवला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी त्यांना तो हलायला हवा होता. मनापासून हवा होता. चार वाजता सर डोकावले, त्यांनीही डोळा लावला आणि ओरडले, "हा काय थरथरतोय!"

"ते पाणी ढकलतंय त्याला, सर. तो जागचा हलत नाही."

रात्रीचं जेवण उरकल्यावर मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, "वन्सं, लिहून टाका हो. जंतू काही कोर्टात जाणार नाही. एकतीस वर्षं राबलात, एक शब्द खोटा लिहिलात तर कुठे आभाळ कोसळतंय?"

त्यांनी ताटं उचलून मोरीत ठेवली. मग म्हणाल्या, "उद्या कुणीतरी कुठल्यातरी गीझरमधून हाच उचलेल. माझं लिहिलेलं समोर ठेवून ताडून बघेल. हा हलत नाही म्हणजे तो नव्हे, असं म्हणून फेकून देईल. त्याची सगळी मेहनत वाया."

"त्या कुणाचं तुम्हाला काय पडलंय? तो काय तुमचा भाऊ आहे?"

"काय की," म्हणाल्या, आणि उठून झोपायला गेल्या. मी संतापाने भांडी आपटत राहिले.

निबंध आला. लेखक मोठे सर, एकटेच. जंतूला विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांचं नाव. जंतू हलत नाही याबद्दल अध्यक्षांनी काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. वन्संचं नाव आभारांत. वीज खात्याच्या आधी, हा त्यांच्या निवृत्तीचा मान. 'हालचाल करत नाही' मात्र छापलं होतं, कारण आता ते सरांना झोंबत नव्हतं.

वन्सं निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. मी रजेवर, घरीच होते. फोन वाजला, मी घेतला. पलीकडे मोठे सर. आवाज मधात बुडवलेला.

"जरा ताईंना विचारता का? बाहेरून एका संशोधकाचं पत्र आलंय. बहुतेक आपलाच जंतू सापडलाय त्याला, पण त्याच्या डिशा तिसऱ्या आठवड्यातच सुकून तडकतात. अकरा आठवडे त्या ओल्या कशा ठेवायच्या, असं विचारतोय. निबंधात ते राहूनच गेलंय."

इतक्या वर्षांचं सगळं माझ्या जिभेवर आलं. म्हटलं, "लेखकांनाच विचारा ना, सर."

पलीकडे सर नुसते खाकरले. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! पण वन्सं मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. डिशा उलट्या करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायच्या, तळाशी ओलं फडकं, फडकं दर सोमवारी भिजवायचं, पण आधी उकळलेल्या पाण्यात, आणि डबा पेटीत पंख्यापासून लांब. सर लिहून घेत होते. 'सोमवारी' त्यांनी दोनदा विचारलं. वन्संनी दोनदा सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तुम्हाला मान नाही, अपमान नाही, एक शब्द तरी सुनवायचा होतात, तुमच्यासाठी मीच मेली जीव जाळते, असं सगळं. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

वन्सं गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, पण त्याची डिश सुकत होती ना."