सव्वीस इंचांची दारं

नकाशेकाका त्या शिलाईवाल्या बाईला ओळखत होते म्हणजे किती, तर विजारीची लांबी कमी करून घेण्याइतकं. एकोणीस वर्षं ती त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिली. सकाळी नऊला तिचं मशीन सुरू झालं की काका घड्याळ लावायचे. पण ती कशाला हसते, कशाला भिते, तिनं लग्न का केलं नाही, यातलं त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आता ती नाही, आणि तिच्याविषयी कुणी विचारलं की काका गडबडतात. सांगण्यासारखं त्यांच्याकडे एकच आहे, तिनं घर बांधलं ते. आणि तेही त्यांना पुरतं उमगलंय असं नाही.

काका एका कचेरीत आरेखक होते. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून घ्यायचे, एवढंच काम, तेही चाळीस वर्षं. "साहेब, इथं काही चुकलंय का?" असं विचारायची एकदाही त्यांची छाती झाली नाही. पण गल्लीच्या लेखी नकाशेवाला तो नकाशेवाला. म्हणून एका सकाळी ती बाई मंजूर नकाशाची सुरळी काखोटीला मारून त्यांच्या दारात उभी राहिली.

"काका, हे सुलटं कुठून धरायचं तेवढं सांगा."

काकांनी कागद फिरवून दिला.

"हं. म्हणजे इतके दिवस मी न्हाणीघरात स्वयंपाक करत होते म्हणायचं."

घर तिला हवं होतं ते थोरल्या बहिणीसाठी. ताईनंच तिला लहानाची मोठी केली, शिवण शिकवलं. गेली दहा वर्षं ताई वरच्या मजल्यावर तिच्याकडेच, चाकाच्या खुर्चीत होती. जिन्यावरून तिला उतरवायला दोन गडी लागत, म्हणून ती खाली येतच नसे. "तीन खोल्या, एका पातळीत," बाई म्हणाली. "ताईनं पलंगापासून रस्त्यापर्यंत आपली आपण जायला हवं, कुणाला हाक न मारता. एवढं झालं की बाकी घर वाकडं होऊ दे नाहीतर तिकडं होऊ दे."

सुरुवातीला वाकडं आणि सरळ यातलंच काही कळेना. जागेवर चुन्यानं खोल्यांच्या रेषा आखल्या, त्या दिवशी ती काकांना घेऊन गेली. आतल्या खोलीच्या रेषांमध्ये उभी राहिली, दोन पावलं चालली आणि तिचा चेहराच उतरला.

"मिस्त्री, ही खोली आहे का कपाट?"

बांधकाम करणारा मिस्त्री अशा गोष्टींना सरावलेला होता. "बाई, आखणीत सगळ्यांनाच घर लहान दिसतं. भिंती उठल्या की मोठं वाटेल. डोळ्यावर जाऊ नका, कागदावर जा."

बाईनं काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, तीही अशी की तिचा अर्थ हो लावावा किंवा नाही.

भिंती उठल्या आणि खरंच खोली मोठी वाटू लागली. मग गिलावा झाला आणि ती पुन्हा लहान झाली. बाई चक्रावली. छातीवर टेप धरली की माणूस केवढा आहे ते तिला समजे. इथं तेच अंतर रोज वेगळं दिसायचं. त्यात मिस्त्रीनं एक खिडकी आपल्या अकलेनं वीतभर सरकवली, तेव्हा मात्र तिनं त्याला फैलावर घेतलं. "तुम्हीच म्हणता ना, कागदावर जा? मग कागद सोडून एक इंचही हलायचं नाही!"

"नाही हलणार," मिस्त्रीनं कानाला हात लावले. आणि तो शब्दाला पक्का निघाला, हीच पंचाईत झाली.

दारांची मापं बाईनंच लिहून द्यायची होती. तिनं वहीचं पान फाडून यादी केली आणि जाताजाता काकांना दाखवली. पुढचं दार चार फूट. आतली तीन दारं, सव्वीस इंच.

काकांची नजर सव्वीसवर अडली. चौकट धरून की चौकट सोडून? त्यांनी घसा खाकरला.

"काय काका?"

"काही नाही. अक्षर छान आहे."

तिनं चौकट सोडून मोजलं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. मापात जिचा जन्म गेला तिला आपण काय सांगणार? आपल्याला काय कळतंय?

खुद्द मिस्त्रीनं तिला विचारलं होतं, हे नंतर कळलं. "बाई, दारं बारकी वाटतात हो."

"खोल्याही बारक्याच वाटत होत्या," ती म्हणाली होती. "डोळ्यावर जाऊ नका."

चौकटी बसल्या, रंग झाला आणि ताईला पहिल्यांदा घर दाखवायचा दिवस ठरला. दोन गड्यांनी तिला जिन्यावरून उतरवलं. काकाही बरोबर गेले. पुढच्या उतारावरून ताईनं खुर्ची स्वतः चढवली, चार फुटी दारातून रुबाबात आत शिरली, बाहेरची खोली गोल फिरून पाहिली आणि आतल्या दाराकडे वळली. खट्. दोन्ही चाकं चौकटीला टेकली.

"जरा ढकल गं," ताई म्हणाली.

"ताई, हे ढकलण्याचं काम नाही." बाईनं गळ्यातली टेप काढून चौकटीला लावली. एकवीस. पुन्हा लावली. एकवीसच. "मिस्त्री, माझे पाच इंच कुठं गेले?"

"जातील कुठं? चौकटीत गेले. अडीच इकडं, अडीच तिकडं. तुम्ही सव्वीस लिहिलं, मी विटेत सव्वीस सोडले."

"अहो, सव्वीस खुर्चीचं माप आहे!"

"मग खुर्ची लिहायचं. तुम्ही दार लिहिलंत."

"गिऱ्हाईक मला छाती छत्तीस सांगतं, म्हणून मी छत्तीसचा सदरा शिवते का? जन्मात अंगात जाईल का तो? माप अंगाचं द्यायचं. वरची ढिलाई, शिवणीची माया शिवणारा धरतो!"

"बाई, आमच्याकडे दिलं तेच माप. कमी नाही, जास्त नाही. आणि कागद सोडून हलायचं नाही हे कोण म्हणालं होतं?"

बाईनं टेप पुन्हा गळ्यात टाकली.

"आता एकच करा," ताई खुर्चीतून म्हणाली. "घर उसवता की मला, ते ठरवा. मी दुहेरी शिवणीची आहे, लवकर सुटायची नाही."

कुणी हसलं नाही. बाई भिंतीला टेकून उभी राहिली. एवढं करून ताई पुन्हा एका खोलीत बसणार, पहिल्या मजल्याऐवजी तळमजल्यावर, इतकाच काय तो फरक. तेवढ्यात काकांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मला दिसलं होतं."

"काय?"

"सव्वीस. त्या दिवशी यादीत."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावली होती, दुखावली होती की आणखी काही, हे काकांना तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं... मला काय कळतंय."

तिनं कनवटीची पिशवी उघडली, कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "आता बोला."

कपडे बेतण्याचा खाकी कागद फरशीवर अंथरला गेला. काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी आधी ताईला चाकांवर हात ठेवायला सांगितलं आणि कोपरापासून कोपरापर्यंत मोजलं. खुर्चीबरोबर हातही जायला हवेत ना. बत्तीस. चौकटीचे पाच. मग त्यांनी कागदावर दार काढलं, लहान करून नव्हे, खऱ्या मापाचं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाच्या रेषेवरून रेष ओढत नव्हते. रेष सरळ आली.

"विटेत सदतीस," ते म्हणाले.

"सदतीस?" मिस्त्रीनं विचारलं.

"सदतीस!" आवाज इतका मोठा निघाला की काका स्वतःच दचकले.

मिस्त्रीनं तो कागद भिंतीला चिकटवला आणि त्यावरून दारं फोडली. न्हाणीघराशी नळाचा पाइप आडवा आला. तिथं तेहतीसच निघाले. मग तिथं चौकट बसवलीच नाही, बाईनं जाड कापडाचा पडदा शिवला. पाहुण्यांना ताई बजावायची, "आत असाल तर गाणं म्हणा."

बाई त्या घरात दीड वर्ष राहिली. काका तिकडे जात ते विजारी घेऊनच. दारांचा विषय तिनं कधी काढला नाही आणि काकांची काढायची छाती झाली नाही. तिनं आपल्याला माफ केलं होतं, की माफ करण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं, ते त्यांना अजून ठरवता येत नाही.

काका शेवटचे तिच्याकडे गेले तेव्हा ती मशीनवर वाकलेली होती. तिनं विजार उलटी करून शिवण पाहिली.

"कंबर किती सोडू?"

"तुम्हीच बघा."

"मी नाही बघणार. तुम्ही सांगा."

"दीड इंच," काका म्हणाले. "सगळं धरून."

"उद्या न्या. पण पाचच्या आत या हं. नंतर ताई पुढच्या दारात बसते, ती कुणाला वाट देत नाही."

"बरं," काका म्हणाले.