पानावर काही उरलंय का?

बातमी येण्याआधी मला इंजिनाचा आवाज आला. तापीपलीकडच्या शाळेत मी मुलींची हजेरी घेत होते. माझे दीर लाँच काठाजवळ आली की वेग उतरवायचे. तो आवाज हळूहळू मंदावत यायचा. त्या सकाळी तो मंदावला नाही, तसाच जोरात काठापर्यंत आला. हजेरी अर्धी ठेवून मी उठले. दारात त्यांचा नावाडी रघुनाथ उभा होता. "बाई, चला. दादा घाटाच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत."

मला पोहता येत नाही. पाण्याची मला लहानपणापासून भीती. पाऊस सुरू झाल्यापासून माघात नदी पायी ओलांडता येईपर्यंत मी रोज लाँचने शाळेत जाते, ते केवळ भाऊजी इंजिनाशी बसलेले असत म्हणून. त्या दिवशी परत येताना इंजिनाशी रघुनाथ होता आणि मी दोन्ही हातांनी बाक धरला होता. दीर गेलेत हे कळत होतं, तरी नदीच्या मध्यावर मनात होतं ते इतकंच, की आता हे बंद पडलं तर…

आता महिना उलटून गेला आहे, तेव्हा नीट सांगते. भाऊजी मुंबईच्या बंदरात बोटींच्या इंजिनांवर कामाला होते. एक दिवस नोकरी सोडून बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या आमच्या घरी परत आले. का सोडली, हे कुणी विचारलं की म्हणायचे, "खारी हवा सोसत नाही." पुढे स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन होऊ लागली, आणि शेजारच्या एका लहान संस्थानाची लाँच लिलावात निघाली, ती भाऊजींनी घेतली. राजेसाहेब तिच्यातून तलावात फेरफटका मारत. इंजिन त्याहूनही जुनं, कुठल्याशा बंदरातल्या बोटीचं. संस्थानच्या नोकरांनी ते दुरुस्तीसाठी उघडलं होतं आणि दरबारच संपल्यावर तसंच टाकलं होतं. वॉल्व्ह आणि ते उघडझाप करणारे सगळे भाग एका गोणीत भरून आले. सोबत पुस्तक नाही, नकाशा नाही.

भाऊजींनी गोणी अंगणात उपडी केली. वस्तू अशा पसरलेल्या मला बघवत नाहीत. जवळच्या फोपनार गावाहून आलेली केळीची पानं घरात होती, त्यातलं एक मोठं पान मी पुढ्यात घातलं आणि म्हटलं, "वाढतो तसं मांडा. प्रत्येकाची जागा ठरलेली."

"वहिनी, इंजिनाला जेवायला बसवताय?"

"बसवते. कोण आलंय, कोण नाही, ते तरी कळेल."

त्यांनी मांडलं. भाताच्या जागी वॉल्व्ह. मोठ्या तोंडाचे हवा घेणारे, लहान आणि जळून पांढुरके पडलेले धूर सोडणारे. उजवीकडे भाजीच्या जागी स्प्रिंगा आणि त्यांच्या टोप्या. डावीकडे वॉल्व्ह हलवणाऱ्या लांब दांड्या; टोकांची झीज बघून कोणती दांडी कुठे चालत होती ते त्यांनी लावलं. आणि वर, मिठाच्या जागी, लॉक. लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या दोन अर्ध्या चकत्या. त्या वॉल्व्हच्या मानेला दोन्ही बाजूंनी धरतात, म्हणून वॉल्व्ह खाली सुटत नाही. चार वॉल्व्हना आठ अर्ध्या हव्यात. पानावर सात होत्या.

"एक लोहाराकडून घडवून आणतो," भाऊजी म्हणाले. "पोलादाचा तुकडा आहे माझ्याकडे. काही फिकर नाही."

"घडवा. पण पहिली कुठे गेली?"

"त्यांनी हरवली असेल."

"असेल म्हणजे? आत नाही ना पडली?"

त्यांनी एक स्प्रिंग उचलून पुसायला घेतली. मी पुन्हा विचारलं, कारण शाळा उघडायला आली होती आणि त्या लाँचमध्ये मी बसणार होते, चिमुकल्या मुलींना घेऊन. खालच्या अंगाला खडक आहेत; इंजिन थांबलं की पूर लाँचला कुठे नेईल हे सगळ्या बुऱ्हाणपूरला माहीत आहे. मी म्हटलं, "आत बघितल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही. मुलींनाही ठेवू देणार नाही."

"बघितलंय मी, वहिनी."

"बघितलंय, की हात घालून बघितलंय?"

मग त्यांनी इंजिनाच्या बुडातलं तेल काढलं. काळा, चिकट गाळ. मी पुरणाची चाळण आणि धुतलेलं धोतर दिलं. गाळता गाळता धोतरावर काहीतरी खट्ट वाजलं. भाऊजींनी ते बोटांनी पुसलं. आठवी अर्धी. दांडीच्या भोकातून खाली गेली होती. त्यांनी ती पानावर नेऊन ठेवली, मिठाच्या जागी. "दातेरी चाकांत गेली असती, वहिनी…" एवढंच म्हणून ते पायरीवर बसले.

बंदराची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. एका बोटीचं इंजिन जोडून झालं, हाताशी एक तुकडा उरला. जास्तीचा असेल म्हणून खिशात टाकला. बंदराच्या तोंडाशी ते इंजिन बंद पडलं आणि लाटांनी बोटीला धक्क्यावर आपटलं. तिघे खलाशी गेले. "तेव्हापासून रोज भीती वाटते," ते म्हणाले. मी ज्यांच्या भरवशावर लाँचमध्ये बसणार होते, ते माझ्याइतकेच घाबरलेले होते. हे ऐकून मला धीर यायला हवा होता. आला नाही. पण त्यानंतर मी त्यांच्या लाँचमध्ये बसले, कारण घाबरलेला माणूस पुन्हा हात घालून बघतो.

पुढे दर वर्षी पावसाआधी इंजिन उघडलं जाई, पान मांडलं जाई, आणि काम संपलं की भाऊजी मला हाक मारत, "वहिनी, बघा, पानावर काही उरलंय का?" मी येऊन बघायची. तेलाचे डाग सोडून काही नसायचं.

भाऊजी गेल्यापासून लाँच बंद होती; ती पुन्हा सुरू करण्याआधी परवा रघुनाथने इंजिन उघडून साफ केलं. संध्याकाळी निरोप आला म्हणून घाटावर गेले. केळीचं पान तसंच पसरलेलं होतं. "बाई, पानावर काही उरलंय का, बघा," तो म्हणाला. मी वाकून बघितलं. मिठाच्या जागेवर हात फिरवला, पानाच्या शिरेतही बोट घातलं. मग पान उचलून खालची फरशी बघितली.

"मीही दोनदा बघितलंय, बाई," रघुनाथ म्हणाला. "दादांनी तशीच शिस्त लावली होती. तरी जीव धडधडतो."

सकाळी मी लाँचमध्ये चढले. हातांना रात्री धुऊनही तेलाचा वास होता. त्याच हातांनी मी बाक धरला, आणि रघुनाथला म्हटलं, "चला."