धुराची गाडी

राग माझ्या नाकावर असायचा. एसटीतली ड्रायव्हरची नोकरी मी रागाच्या भरात सोडली आणि राग उतरायच्या आत भोरमध्ये एक जुनी काळी टॅक्सी घेऊन मोकळा झालो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बायको एवढंच म्हणाली, की माणूस तापट आणि गाडी म्हातारी, आता काय व्हायचं ते होवो. तिनं नंतर कधी तो विषय काढला नाही, याचाही मला राग यायचा.

भोरहून भाटघर धरण आणि तिथून पुढं वेल्ह्याच्या अंगाची गावं, असा माझा फेरा. गाडी ओढायला एक नंबर होती. पण इंजिन ऑइल प्यायचं. चढाला लागली की मागं निळ्या धुराचा लोट उठायचा, तो धरणाच्या पाण्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत दिसायचा. लोकांनी तिचं नावच पाडलं, धुराची गाडी. पोटच्या पोराला कुणी नाव ठेवल्यासारखं मला ते झोंबायचं.

टॅक्सी म्हटलं की दरसाल पासिंग आलंच. पासिंगचे साहेब महिन्यातून एकदा भोरला येत आणि डाकबंगल्यासमोर गाड्यांची रांग लागे. साहेब ब्रेक, दिवे, हॉर्न बघत आणि मग शेजारी बसून एक फेरी मारायला लावत. धूर मोजायचं यंत्र वगैरे तेव्हा कुठलं? साहेब मान वळवून मागच्या काचेतून बघत, तीच तपासणी. धूर दिसला की गाडी नापास, आणि नापास गाडीला परमिट नाही. परमिट गेलं असतं तर मला पुन्हा डेपोत जावं लागलं असतं. ज्या टेबलावर मी बिल्ला आपटून आलो होतो त्याच टेबलासमोर हात जोडून उभं राहायचं, त्यापेक्षा गाडी धरणात घातलेली बरी, असं मला वाटायचं.

मिस्त्रीनं स्पष्ट सांगितलं, की पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोल, दुसरा इलाज नाही. मला कुठला धीर? आम्हा ड्रायव्हर लोकांत तेव्हा एक तोडगा चालायचा. इंजिनातलं ऑइल काढायचं आणि गिअरबॉक्सचं काकवीसारखं जाड ऑइल ओतायचं. दोन दिवस धूर दबतो. मिस्त्री म्हणाला, खोकणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवून तो बरा होतो का? मी त्याला म्हटलं, तू तुझे पाने-पकडी धू. आणि ऑइल मीच ओतलं.

पासिंगच्या दिवशी गाडी अशी चालली, की मलाच ओळखू येईना. साहेब शेजारी बसले. भाटघरच्या पुढं चढ चढलो, साहेबांनी मागं बघितलं, काच स्वच्छ. मनातल्या मनात मी नारळ फोडला. वर वळणावर गाडी परत फिरवली आणि तिथंच मावशी उभी.

ही मावशी डोंगराच्या अंगावर एकटीच राहायची. कानानं अधू. बाजारच्या दिवशी अंडी, घेवडा घेऊन माझ्याच गाडीनं भोरला यायची. त्या रस्त्याला हात केलेल्या माणसाला सोडून जायचं नाही, असा आम्हा सगळ्यांचाच रिवाज. मग गाडी टॅक्सी असो, दुधाची असो, नाहीतर खडीची. तिनं हात केला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. शेजारी साहेब बसलेत हे पायाला कोण सांगणार! मी गडबडून साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, बसू द्या, ओझ्यावर गाडी कशी चालते तेही कळेल.

मावशी पाटी घेऊन मागं बसली. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "आज गाडीचा धूर कुठं गेला रं बाबा? दर बाजारी धूर दिसला की म्या भाकरी बांधती आन् खाली उतरती. आज काय दिसलाच न्हाई. शेरडाला पाला बघाया पाटी घिऊनच आलते म्हणून बरं, न्हाईतर गाडी चुकलीच व्हती."

 पुढच्या सपाटीला साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून बॉनेट उघडलं, ऑइल बघायची पट्टी काढली आणि बोटाला लागलेलं ऑइल अंगठ्यानं चोळलं. ते सुटेचना. माझ्याकडं बघून ते म्हणाले, ड्रायव्हर, रिंगा टाका आणि पुढच्या महिन्यात या.  माणूस सरळ होता, हे मी आज कबूल करतो. त्या दिवशी केलं नाही.

डाकबंगल्याशी साहेब उतरले. मावशी पाटी सावरत उतरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ओतलं कुणी, तर मी. पण राग काढायला समोर मावशी होती. तिला ऐकू येत नाही म्हणून मी मुद्दाम तिच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो, "तुमच्या तोंडापायी माझी गाडी गेली."

 तिनं पदर सारखा केला आणि ती बाजाराच्या दिशेनं चालू लागली.

गाडी महिनाभर मिस्त्रीकडं पडून होती. या खेपेला मी त्याच्या शेजारी बसून रॉकेलनं एकेक भाग धुतला. रिंगा बदलल्या. पुढच्या पासिंगला त्याच साहेबांनी तोच चढ चढवला, मागं बघितलं आणि कागदावर सही केली. डेपोची पायरी चढायची माझी टळली. घरी बायकोनं शिरा केला.

पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. त्या महिन्याच्या चारही बाजारांना मी त्या वळणावरून गेलो. मावशी काही दिसली नाही. मी मनात म्हणायचो, रुसली असेल तर रुसू दे, आपलंही काय चुकलं? आणि पुढच्या गावापर्यंत स्वतःशीच भांडत जायचो. शेवटी त्या बाजूच्या एका गिऱ्हाइकाला विचारलं. तो म्हणाला, ती होय? ती तर दोन महिने पायीच जाते, पायवाटेनं, उजाडायच्या आत निघते. दुधाच्या टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली तरी चढत नाही.

मी गाडी वळणावर लावली आणि वर चढलो. मावशी दारात घेवडा निवडत होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला, की मला मान वर करवेना. आधी तिनं गूळ-पाणी दिलं. मग म्हणाली, की रोज हितं बसून खालच्या रस्त्याला धूर बघते, दिसत न्हाई. गाडी मोडीत गेली असंल म्हटलं.

मी ओरडून सांगितलं, गाडी पास झाली, धूर बंद झाला, म्हणून दिसत नाही. पण टेम्पो थांबतो, त्यात का बसत नाही? पायाला फोड आलेत तुमच्या.

मावशी घेवडा निवडत म्हणाली, "तुझी गाडी म्या बुडवली. मग दुसऱ्याच्या गाडीत कुठल्या तोंडानं बसू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. गाडी तुम्ही नाही, मी बुडवली होती, असं मी म्हणालो. पण ते मी हळू म्हणालो, तिला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं म्हणालो.

नंतर ती गाडी माझ्याकडं सहा वर्षं होती. दर बाजारी मी वळणावर गाडी थांबवायचो आणि वर जाऊन मावशीला घेऊन यायचो. गाडीत बसलेली माणसं कुरकुर करायची. मी त्यांना म्हणायचो, घाई असेल तर उतरा आणि चालायला लागा.