शिसवाचा गोल पट्टा

देशात साग कुठे, साल कुठे, शिसव कुठे, हे नकाशेकाकांना झोपेतून उठवून विचारावं. वनखात्याच्या नकाशाखोलीत सत्तावीस वर्षं ते हेच रंगवत आले होते. सागाला पिवळा, सालाला हिरवा, शिसवाला तपकिरी. खरं जंगल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, डास चावतात. खोलीचा नियम एकच: नवा नकाशा गेल्या वर्षीच्या नकाशावरून हुबेहूब उतरवायचा.

जावई त्याच खात्यात वनरक्षक. त्याची बदली ईशान्येच्या शिसवाच्या पट्ट्यात झाली तेव्हा काका म्हणाले, "नशीब काढलंत! काय गोल, घाटदार जंगल आहे!"

आठ दिवसांत जावई दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"बाबा, तिथे झाड नाही."

"म्हणजे, विरळ झालंय?"

"एकही नाही! नुसता खडक. आणि साहेब मलाच नोटीस देतात, एवढं शिसव कुठे विकलंस म्हणून. सोमवारी उत्तर दिलं नाही तर नोकरी गेली."

"अहो, चोरांनी नेलं असेल."

"चोर मुळं उपटून वर खड्डे बुजवून जातात का?"

"जावयांना काय विचारता?" काकू आतून कडाडल्या. "आधी स्वतःची कपाटं बघा!"

काकांनी घरातलं जुन्या नकाशांचं कपाट उघडलं. एकेक वर्ष मागे जात ते आपल्या नोकरीच्या पहिल्या नकाशापाशी पोचले. इथला तपकिरी रंग कुंचल्याचा नव्हताच. मध्ये फिका, कडेला गडद, एका बाजूला ओघळ. त्यांनी आपला जुना चहाचा कप त्यावर ठेवला. डब्यावर झाकण बसावं तसा बसला. पुढच्या वर्षी 'रंग उडालाय' म्हणून तो गोल मन लावून भरला होता, तोही त्यांनीच!

सोमवारी एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात कप घेऊन काका साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, जावयांनी जंगल विकलं नाही. ते मी सांडलं होतं."

साहेबांनी कप ठेवून पाहिला, फिरवून पाहिला. मग नोटीस फाडली. पण त्यांची नजर नकाशावर खाली सरकली.

"आणि नैर्ऋत्येचा हा लांबट, पिवळा साग?"

काका नकाशावर वाकले. त्या वर्षी त्यांचा वरणाचा डबा गळका होता.