आसारामला लागलेला विटाळ

काष्टीच्या राहीबाईला चौदाव्या वर्षी न्हाण आलं आणि तिनं ते सात महिने लपवलं. नवव्या वर्षीच लग्न झालेलं. न्हाण आल्याचं कळलं की मखरात बसवायचं आणि सासरी धाडायचं, हे ठरलेलं. सासरी काय होतं ते कुणी सांगत नव्हतं. मैत्रीण मुक्ता जाऊन आली, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. विचारलं तर एवढंच म्हणायची, "तुला कळंलच की."

म्हणून राही त्या दिवसांत बाहेर बसली नाही. फडकी कडब्याच्या गंजीमागं वाळवायची आणि त्याच हातांनी घरादाराचं पाणी भरायची, भाकरी थापायची.

१९४२च्या उन्हाळ्यात तिचा थोरला भाऊ आसाराम आजारी पडला. वय एकोणीस. ताप, अंगभर पुरळ, घशात फोड. तो जत्रेत तमाशाच्या बाईकडं राहून आला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वडील पारावर हसून सांगायचे, "पोरगं बाप्या झालं आता!"

वैद्यानं पुड्या दिल्या आणि आईला बाजूला नेऊन काही सांगितलं. आई परतली ती मोठ्यानं बोलतच, "घरात कुनीतरी विटाळ कालवलाय. त्योच माझ्या लेकाला बाधलाय."

राहीचे हात पिठातच थांबले.

संध्याकाळी आसारामला पाणीही गिळवेना. राहीनं आईचे पाय धरले. "मीच गं. सात महिनं झालं. दादाला वाचव."

आईनं दोन थोबाडीत दिल्या. पण तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. ते काय होतं, हे कळायला राहीला सहा वर्षं लागली.

पाचव्या दिवशी मखर सजलं. बायका खिदळत गाणी म्हणत होत्या. चुलती म्हणाली, "मान वर कर गं, तुझा नवरा कानिफनाथ काय खानार न्हाई तुला!" आठवड्यात राही नवऱ्याच्या घरी होती. तिथं काय झालं, ते पुढं तिनंही कुणाला सांगितलं नाही.

१९४८मध्ये ती माहेरी आली, तेव्हा आसारामच्या बायकोचं, छबूवहिनीचं, तिसरं मूल मेलेलं जन्मलं होतं. गाव छबूलाच पांढऱ्या पायाची म्हणत होतं. राही तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवऱ्याला पूर्वी गरमी झाली होती का, गुप्तरोग? अंगावर पुरळ, घशात फोड?"

राही म्हणाली, "झाली हुती. बेचाळीस साली."

"मग त्यालाही आणा. दोघांनी सुया घेतल्या तरच पुढचं मूल वाचेल."

घरी येऊन राहीनं विचारलं, "आये, तुला ठावं हुतं?"

आई ज्वारी निवडत होती. "वैद्यानं सांगितलं हुतं. बाप्याच्या जातीला काय बोलायचं? तुझं तरी काय वाईट झालं? नांदतीस न्हवं?"

चार दिवसांनी आसाराम शेतावरून आला. राही त्या दिवशी बाहेरची होती, ओट्यावर वेगळी बसलेली.

"दादा, डॉक्टरीणबाईनं तुलाबी बोलावलंय."

"मला काय धाड भरलीय? तिच्यातच खोट हाय. पानी आन गं कुनीतरी."

राही उठली. सरळ आत गेली, हंड्यात तांब्या बुडवला आणि त्याच्यापुढं धरला.

"अगं शिवलीस की!" आई ओरडली.

"पी," राही म्हणाली. "माझ्या हातचं बाधतंय का, बघू एकदा."

आसारामनं तांब्या अंगणात उपडा केला. आईनं राख घेतली आणि हंडा घासायला बसली. आत छबू नवऱ्यासाठी भाकरी थापत होती.