मुक्ताकाकीने नाव घेतलं तो दिवस

आमचे गेणूआबा रेल्वेत गेटमन होते. एकतीस वर्षं त्यांनी कान्ह्याच्या फाटकावर गाड्या पाहिल्या. नुसत्या 'पाहिल्या' म्हटलं तर चिडतात. "बगायला काय, म्हशीबी बगत्यात," म्हणतात. गेटमन म्हणजे फाटक पाडणारा आणि उचलणारा, असं आपल्याला वाटतं. खरं काम गाडी समोरून जात असताना असतं. हिरवा झेंडा धरून प्रत्येक डब्याखाली बघायचं: काही लोंबतंय का, चाकाचा आस तापलाय का, आवाज बदललाय का. गाडी वेळेवर आली म्हणजे गाडी ठीक आहे असं नव्हे. हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं आणि मी शंभरदा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. मी त्यांचा पुतण्या, कैलास. नवलाख उंबऱ्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे माप बरोबर आलं की 'ओके'चा शिक्का मारून मोकळा होणारा माणूस.

आबांना मूलबाळ नाही. घरात ते आणि मुक्ताकाकी. काकी चौथी शिकलेली, तोंडाने फटकळ, पण एका बाबतीत कमालीची जुनी. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने सांगितलेलं. लग्नात उखाण्याची पहिली ओळ तिने म्हटली आणि नाव यायच्या जागी पदर तोंडात कोंबला, ही गोष्ट आमच्या आळीत अजून सांगतात. रेशनच्या दुकानात, बँकेत, कोणी नाव विचारलं की ही कार्ड पुढे करायची. आबांना ती 'आमचं गेटवालं' म्हणायची. एकेचाळीस वर्षं त्यांना त्याच नावाची सवय.

गेल्या वर्षी काकीच्या मानेत गाठी आल्या. लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. केमो झाली, गाठी गेल्या, पुन्हा आल्या. दुसरी केमो झाली, तिला तर त्या गाठींनी जुमानलंच नाही. पुण्यातल्या हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, आता एकच उपाय राहिलाय. काकीच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी मशीनने काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायचं, आणि परत तिच्याच अंगात सोडायचं. पैसे कसे उभे केले ते सांगत नाही. ती गोष्ट सगळ्यांचीच सारखी असते.

पेशी काढून नेल्या तेव्हा काकी मला म्हणाली, "तू आयटीआयला गेलतास तसं हाय की रं ह्ये. शिकून येतील आन् लागतील कामाला."

तीन आठवडे आम्ही वाट बघितली. गाठी तेवढ्यातही वाढत होत्या. काकीला घास गिळवेना. आबा रोज मला फोन करून एकच विचारायचे, "आल्या का रं त्या?" जणू पेशी लोकलने येणार होत्या. शेवटी एक एवढीशी पिशवी आली. दहा मिनिटांत ती काकीच्या अंगात गेलीसुद्धा. एवढ्या आटापिट्याचा शेवट एवढाच, म्हणून मला तर रागच आला.

मॅडमनी आधीच बजावलं होतं. पेशी कामाला लागल्या की ताप येईल, त्याला भ्यायचं नाही. पण कधी कधी त्या इतक्या खवळतात की मेंदूला सूज येते. माणूस बरळायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. म्हणून रोज तीनदा परीक्षा. साल कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, हॉस्पिटल कोणतं. तीन वस्तू ओळखायच्या, सांगितलं तसं करायचं, शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजायचं आणि एक वाक्य लिहायचं. दहा मार्क. काकी रोज तेच वाक्य लिहायची: 'माझे गाव कान्हे.'

परीक्षा घ्यायला प्रितम नावाचा ब्रदर यायचा. हसरा पोरगा. प्रश्न संपले की तो आपला गमतीने विचारायचा, "आणि मावशी, काकांचं नाव काय?" हा प्रश्न कागदावर नव्हता. काकी तोंड फिरवायची आणि म्हणायची, "जळ्ळं तुमचं विचारनं. बसलंय की गेटवालं म्होरं, त्यालाच इचारा." प्रितम हसायचा, आबाही मिशीत हसायचे. तापाच्या दिवसांत तेवढंच एक हसू.

सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरलेला होता. काकीने सगळं बरोबर सांगितलं. साल, महिना, पेन, घड्याळ, चष्मा. उलटं मोजताना कुठे अडखळली नाही. वाक्यही लिहिलं. मग प्रितमने विचारलं, "आणि काकांचं नाव काय?"

"गेणू," काकी म्हणाली.

प्रितमने टाळी वाजवली. "दहापैकी दहा! आणि वर एक बोनस!" तो कागद लावून पुढच्या खाटेकडे गेला. मीही खूष झालो. म्हटलं, चला, सुटलो. आबांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"कैलास, डाक्टरला बलाव."

"कशाला? दहापैकी दहा आलेत आबा."

"तिनं नाव घेतलं."

"मग बरंच झालं की! लाज गेली."

माझं हे बोलणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दगड झालो, आणि ते स्वतःच बाहेर गेले.

वॉर्डातले डॉक्टर आकाश तरुण होते. छत्तीस तास ड्युटी करून डोळे तांबारलेले. त्यांनी कागद बघितला. "आबा, सगळं बरोबर सांगितलंय त्यांनी."

"बरोबर सांगितलं म्हनूनच म्हनतोय साहेब. ती सांगत न्हाई कदी. डोस्कं ठिकानावर असंल तर मरंल पन सांगनार न्हाई."

"प्रत्येक पेशंटच्या अशा सवयींवर आम्ही सुजेचं औषध नाही देऊ शकत. ते औषध त्या पेशींनाही दाबतं. उगाच दिलं तर केलेलं सगळं वाया जाईल."

आबा पुढे सरकले. "साहेब, म्या गेटमन हाय. येकदा मालगाडी आली, येळंवर, समदे शिग्नल हिरवे. म्या लाल झेंडा दावला. गार्डनं आयमाय काढली. उतरून बगितलं तर आस लालबुंद झालता. लाल दावला की आदी गाडी थांबवायची आन् मग इचारायचं, का म्हनून. तुमी मॅडमला बलवा. न्हाईतर म्या हितनं हलत न्हाई."

आणि ते खरंच वॉर्डाच्या दारात आडवे उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला. सिक्युरिटीवाला आला, मी हात जोडले, आबा हलेनात. सत्तरीकडे झुकलेला माणूस, धोतराचा सोगा सुटलेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी दार सोडेना. मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली. खोटं कशाला सांगू.

मॅडम आल्या. त्यांनी आबांचं सगळं ऐकून घेतलं, एकदाही घड्याळ न बघता. मग काकीच्या हातात पेन दिलं. सकाळची परीक्षा होऊन दोन तासही झाले नव्हते. काकीने 'माझे' लिहिलं, 'गा' लिहिला, आणि पुढची रेघ तिरकी होत कागदावरून उतरून चादरीवर गेली. ती पेनकडे बघत राहिली. मॅडमनी विचारलं, हे काय आहे? काकी म्हणाली, "गेणू." घड्याळ दाखवलं. "गेणू." गाव कोणतं? "गेणू, गेणू."

आबांनी कानांवर हात ठेवले.

औषध लगेच सुरू झालं. दुपारी झटका आलाच. तीन दिवस काकी आयसीयूत, डोळे उघडे पण ओळख नाही. आबा काचेबाहेर उभे. जेवण नाही, पाणी पाजलं तर तेवढं. शिरगावच्या साईबाबांचा अंगारा मी आणला, तो त्यांनी मुठीत धरून ठेवला. एकदा मला म्हणाले, "तिनं लयदा घेतलं रं नाव. माजं जेवडं कमी झालं आसंल, तेवडं तिला मिळू दे." मी देव पाण्यात घालून बसलो होतो आणि मनात मॅडमचं वाक्य घोळत होतं, की आणखी दोन-तीन तास गेले असते तर कठीण होतं. ते दोन-तीन तास मी हसत घालवणार होतो.

चौथ्या दिवशी प्रितम आत गेला. काचेतून मला ओठ दिसत होते, आवाज नाही. त्याने साल विचारलं असावं, महिना विचारला असावा. मग त्याने बाहेर आबांकडे बोट दाखवलं. काकीने बराच वेळ आबांकडे बघितलं आणि नेहमीसारखं तोंड फिरवलं.

आबा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

काकीला नंतर हे सांगितलं तर ती आमच्यावरच उखडली. "म्या? नाव घेतलं? शक्यच न्हाई. तुमी दोगं बी लबाड हायसा." महिन्याने तपासणीत गाठी दिसेनाशा झाल्या. काकी घरी आली, चुलीपाशी बसली, शेजारणींशी भांडली. ते सात महिने आमचे होते.

आठव्या महिन्यात गाठी परत आल्या. शिकून आलेल्या पेशी दमल्या म्हणा, की कॅन्सरने तोंड बदललं म्हणा. मॅडमनी दोन्ही सांगितलं आणि मान खाली घातली. आम्ही काकीला कान्ह्याला घेऊन आलो.

त्या दिवसांत आबा ओटीवर बसून माझ्याशी बोलले. "येकेचाळीस वर्सांत त्या येकाच दिशी माजं नाव घेतलं तिनं. आन् म्या पळत जाऊन ते थांबवून आलो."

मग उठून आत गेले. दुपारची वेळ, मी दाराशीच होतो. काकीचं अंग चिपाड झालेलं. आबा तिच्या उशाशी बसले.

"मुक्ते, येकदा घे की नाव."

काकी हसली. "आता कशाला?"

"त्या दिशी घेतलंतंस."

"त्या दिशी म्या माज्यात नव्हते. आज हाय." तिला धाप लागली, ती थांबली. "तुमचं आयुष्य कमी करून म्या कुटं जाऊ?"

"मला काय करायचंय त्येचं आता?"

काकीने चाचपडत त्यांचा हात धरला आणि डोळे मिटले.

ती चार दिवसांनी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. नाव तिने घेतलं नाही.